चारच्या आत अंधार

लंडनमध्ये वर्षातला सगळ्यात लवकरचा सूर्यास्त १२ डिसेंबरच्या आसपास होतो, ३ वाजून ५१ मिनिटांनी. मिरजेत ही दुपारच्या चहाची वेळ. इथे मात्र ऑफिसच्या खिडक्या काळ्या पडतात, काचेतून रस्ता दिसेनासा होतो आणि आपलाच चेहरा दिसायला लागतो. दीड तासाचं काम अजून शिल्लक असतं आणि दिवस संपलेला असतो.

माझं नैराश्य याच वेळी येतं. गेली बरीच वर्षं नोव्हेंबर सरता सरता ते मुक्कामाला येतं आणि संक्रांत उलटेपर्यंत हलत नाही. रडू येत नाही; आलं तर बरं होईल असं वाटतं. सिंकमध्ये एक कप आणि एक ताटली असते, तीही विसळून होत नाही. मेसेज वाचले जातात, उत्तरं जात नाहीत. दहा-दहा तास झोपून सकाळी अंग जडच. भात आणि गोड सोडून काही खावंसं वाटत नाही. ऑफिसात मी नीट बोलते, कामं वेळेवर देते, त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही काही कळत नाही.

आणि नेमक्या याच दिवसांत सगळ्या शहराला आनंदी व्हायचं असतं. दुकानात शिरावं तर गाणी, लिफ्टमध्ये शिरावं तर ‘ख्रिसमसला काय करतेयस?’ हा प्रश्न. विचारणाऱ्यांच्या मनात काही नसतं. त्यांना आईवडिलांकडे जायचं असतं, भाचरांसाठी खेळणी घ्यायची असतात. पण सण माणसाकडे आनंदाची हजेरी मागतो, आणि ज्याच्याकडे ती द्यायला नसते त्याला सणाच्या दिवसांत तोंड लपवत फिरावं लागतं. दिवाळीतही हे होतंच. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पूजा आटोपली की आई व्हिडिओ कॉल करते, कॅमेरा फिरवून घटावरचा नारळ, फळं, हार दाखवते. मग माझ्याकडे बघून म्हणते, “अगं, तिकडं आता एवढी सुट्टी असते. फीर की जरा. काय कमी आहे तुला?” तिचं खरंच आहे. नोकरी आहे, घर आहे, आई-बाबा सुखरूप आहेत. कमी काही नाही आणि तरी हे आहे, हे तिला सांगायला मला फार वर्षं लागली. आता ती “आज बाहेर पडलीस का?” एवढंच विचारते. ते मला पुरतं.

हिवाळ्यातल्या या नैराश्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. रोझेंथाल मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे. सत्तरच्या दशकात ते न्यूयॉर्कला आले आणि हिवाळ्यात आपला उत्साह ओसरतो, वसंतात परत येतो, हे त्यांच्या आधी स्वतःच्याच बाबतीत लक्षात आलं. उन्हाच्या देशातून आलेल्या माणसानं हे हेरलं, याचं मला बरं वाटतं. मिरजेतला सगळ्यात लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा असतो, लंडनचा आठ तासांहून कमी. आमच्या जीपीबाईंनी, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांनी, सकाळी अर्धा तास दहा हजार लक्स इतक्या प्रखर उजेडाच्या दिव्यासमोर बसायला सांगितलं आणि समुपदेशनासाठी नाव नोंदवायला लावलं. दिव्याचा सगळ्यांनाच उपयोग होतो असं नाही, आणि डोळ्यांचा विकार किंवा बायपोलर असेल तर आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं, हेही त्यांनी सांगितलं. मला थोडा उपयोग झाला. पण दिव्यानं अंधाराचा प्रश्न थोडा सुटला, सणाचा नाही.

सणाचा प्रश्न कॅमेऱ्यानं सोडवला. सोडवला म्हणण्यापेक्षा, सणात उभं राहायला मला एक जागा दिली.

ऑक्टोबर संपत आला होता. रात्री उशिरा रीजंट स्ट्रीटवरून चालत येत होते. रस्त्याच्या अर्ध्या भागात अडथळे लावलेले होते आणि उंच उचलणारा पाळणा लावलेल्या गाडीतून दोन माणसं वर गेली होती. समोरासमोरच्या इमारतींमध्ये ताणलेल्या पोलादी तारेला ती नाताळच्या रोषणाईची, देवदूतांच्या आकाराची दिव्यांची जाळी अडकवत होती. उतरल्यावर पिवळ्या जॅकेटातल्या एकानं हातमोजा दातानं ओढून काढला, खिशातून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा जुडगा काढला, एक पट्टी वायरभोवती आवळली, उरलेलं टोक कापलं आणि पुन्हा वर गेला. दिवे लागलेले नव्हते. पुढे ज्यांच्याखाली हजारो लोक माना वर करून थांबतात ते देवदूत त्या रात्री नुसत्या राखाडी तारा होते. मी कॅमेरा काढला आणि बराच वेळ फोटो काढत राहिले.

मिरजेत वाढलेल्या माणसाला हे दृश्य नवं नाही. आमच्याकडे गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी रस्त्यावर स्वागत कमानी उभ्या राहतात, इमारतींच्या उंचीच्या. आठवडाभर आधीपासून पोरं बांबूंवर चढलेली असतात, काथ्या आवळत, फ्लेक्स ओढत, दातात वायर सोलत. त्या पोरांना कुणी विचारत नाही की बाबा, तू आज आनंदात आहेस का? त्यांच्या घरी काहीही चाललेलं असू शकतं. पण ती सणाच्या बाहेर नसतात, ऐन मध्यभागी असतात, कारण त्यांच्या हातात काम असतं. रीजंट स्ट्रीटवर त्या रात्री मला हेच लख्ख कळलं. मी या सणाला पाहुणी म्हणून येऊ शकत नाही. कामावर आलेली बाई म्हणून येऊ शकते.

तेव्हापासून रोषणाईचे फोटो काढणं हे माझं डिसेंबरातलं काम आहे. कुणी दिलेलं नाही, पैसे मिळत नाहीत, पण वेळ ठरलेली आहे. ती वेळ नेमकी मला नको असलेली, सूर्यास्तानंतरची.

पूर्ण काळोखात रोषणाईचे फोटो चांगले येत नाहीत. आभाळ डांबरासारखं काळं होतं, दिवे पांढरे फटक पडतात, इमारती गायब होतात. सूर्य मावळल्यावर साधारण वीस मिनिटांनी आभाळ गडद निळं होतं आणि थोडा वेळ आभाळाचा उजेड आणि दिव्यांचा उजेड बरोबरीला येतात. तेवढ्या अवधीत दिवाही दिसतो, तो ज्या भिंतीला अडकवलाय ती भिंतही दिसते, आणि तारेवर बसलेलं कबूतरही. डिसेंबरात लंडनमध्ये ही वेळ सव्वाचारच्या आसपास असते. ऑफिसात काचेत तोंड बघत बसायचे ते मी या वेळेची वाट बघायला लागले. घड्याळाकडे बघण्याचं कारण बदललं. त्या दिवसांत मी सकाळी लवकर कामाला बसते आणि साडेतीनला निघते. साहेबांना कारण सांगितलं तेव्हा त्यांनी एकही प्रश्न न विचारता होकार दिला.

याच नादात एक गोष्ट कळली. दिवस सगळ्यात लहान असतो २१ किंवा २२ डिसेंबरला, पण संध्याकाळी मोठ्या व्हायला त्याच्या आठवडाभर आधीच सुरुवात झालेली असते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला, त्यामुळे सूर्य माथ्यावर येण्याची वेळ त्या दिवसांत रोज थोडी पुढे सरकते. म्हणून १२ डिसेंबरनंतर सूर्यास्त उशिरा व्हायला लागतो आणि सूर्योदय मात्र नवं वर्ष येईपर्यंत उशिराच होत राहतो. २१ तारखेला सूर्यास्त ३ वाजून ५३ मिनिटांवर आलेला असतो, ३१ तारखेला ४ वाजून १ मिनिटावर. आपण संक्रांतीला उत्तरायण म्हणून तीळगूळ वाटतो तोवर इथे संध्याकाळ पंचवीसेक मिनिटांनी लांबलेली असते. एकेक मिनिटाचा हा हिशेब इतरांना क्षुल्लक वाटेल. डिसेंबरच्या मध्यावर मला तो लागतो. “आता बरं वाटेल” असं कुणी म्हटलं तर विश्वास बसत नाही, पंचांगावर बसतो.

रीजंट स्ट्रीटची रोषणाई पहिल्यांदा झाली १९५४ साली. त्याआधीच्या वर्षी एका दैनिकात, नाताळात लंडन किती कळाहीन दिसतं, असा मजकूर आला होता, आणि तिथल्या व्यापाऱ्यांनी मनावर घेऊन पदरचे पैसे घातले. १९५४ सालाचं महत्त्व असं की युद्धकाळापासून चालू असलेलं रेशनिंग त्याच जुलैमध्ये पूर्ण उठलं. मांसावरचं बंधन सगळ्यात शेवटी गेलं. बॉम्बनी पडलेल्या जागा अजून शहरभर रिकाम्या होत्या. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दिवे आले १९५९ मध्ये. सत्तरच्या दशकात आर्थिक ओढगस्तीत काही वर्षं रोषणाई झालीच नाही. हा इतिहास वाचल्यापासून त्या दिव्यांकडे बघताना माझ्यावरचं दडपण कमी होतं. ते भरल्या घरच्या आनंदातून लागले नव्हते. थकलेल्या, पोटाला चिमटा काढून जगलेल्या शहरानं ते लावले होते.

आताचे दिवे एलईडीचे, रीजंट स्ट्रीटवर सुमारे तीन लाख. त्यांचे फोटो काढताना एक त्रास हमखास होतो: देवदूताच्या पंखांवर आडवे काळे पट्टे येतात. डोळ्यांना दिवा अखंड पेटलेला दिसतो, पण पन्नास हर्ट्झच्या विजेवर तो सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होत असतो आणि वेगवान शटरमध्ये ते पकडलं जातं. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंदावर आणला की पट्टे बहुधा जातात. भारतातही वीज पन्नास हर्ट्झचीच, तेव्हा गणपतीच्या नाहीतर दिवाळीच्या रोषणाईत हेच आकडे चालतील. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, दिव्यांना धरून ठेवायचं, सावल्या काळ्या राहिल्या तरी नंतर उजळता येतात. फोटोत पांढरा फटक पडलेला दिवा मात्र परत मिळत नाही. पाऊस पडून गेला असेल तर खाली बसावं आणि ओल्या फरशीचा फोटो घ्यावा. ट्रायपॉड मी नेत नाही, गर्दीत लोक अडखळतात. कठड्यावर किंवा कचऱ्याच्या डब्यावर कोपर टेकवला की काम होतं. हे सगळं करत असताना डोक्यात दुसरं काही चालू शकत नाही. तेवढी वीस मिनिटं विचारांचं ते घोळणं थांबतं, आणि ज्यानं ते अनुभवलंय त्याला वीस मिनिटांची किंमत सांगायला नको.

ट्रॅफल्गार चौकातलं झाड माझं सगळ्यात आवडतं. ऑस्लो शहर ते १९४७ पासून दरवर्षी लंडनला भेट म्हणून पाठवतं. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेवर जर्मनांचा कब्जा असताना राजे हाकोन सातवे आणि त्यांचं सरकार लंडनमध्ये आश्रयाला होतं, त्याची ही कृतज्ञता. ऑस्लोजवळच्या जंगलातलं स्प्रूस, वीस मीटरच्या आसपास उंच, पन्नास-साठ वर्षांचं. वनखात्याची माणसं ते पुष्कळ आधी हेरून ठेवतात, मग तोडून जहाजानं इंग्लंडला आणतात. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी दिवे लागतात.

दिव्यांच्या माळा झाडाला गुंडाळलेल्या नसतात; नॉर्वेच्या पद्धतीनं शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सरळ उभ्या सोडलेल्या असतात. लांबून बघणाऱ्याला झाड भरगच्च सजवल्यासारखं वाटत नाही आणि निराशा होते. २०२१ मध्ये तर ते इतकं विरळ दिसलं की लोकांनी अर्ध्या फांद्या कुठे गेल्या म्हणून समाजमाध्यमांवर त्याची टर उडवली. मी त्या वर्षी त्याचे सगळ्यात जास्त फोटो काढले. कुंपणापाशी उभं राहून लांब लेन्स लावली की फांद्यांमधली भगदाडं दिसतात, भगदाडातून खोडाची खरबरीत साल, सालीवरून ओघळलेला डिंक, आणि माळेच्या वायरवर टोकाला जमून पडायच्या बेतात असलेला पावसाचा थेंब, ज्यात मागचा अख्खा दिवा उलटा दिसतो. हे झाड कित्येक दशकं जंगलात उभं होतं. वाऱ्याच्या बाजूच्या फांद्या तोकड्या, दुसऱ्या बाजूच्या लांब. ते जसं वाढलं तसं आलं. त्याच्यापाशी उभं राहताना मला कधीच आपण कमी पडतोय असं वाटत नाही.

खरा कठीण दिवस २५ तारखेचा. त्या दिवशी लंडनमध्ये ट्यूब (भुयारी रेल्वे) बंद, बस बंद, रेल्वे बंद. ज्याच्याकडे गाडी नाही आणि जवळ माणूस नाही, तो घरात अडकतो. मिरजेच्या नाताळाची मला त्या सकाळी आठवण येते. आमच्याकडे विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल. त्या परिसरातल्या घरांवर कागदी चांदण्या लागायच्या आणि शाळेतल्या मैत्रिणीकडून केकच्या बरोबरीनं करंज्या, चकल्या, शंकरपाळी भरलेलं ताट घरी यायचं. दिवाळीत आमच्याकडून गेलेलंच ताट भरून परत आलंय, असं आईला वाटायचं. त्या नाताळात कुणी घरात अडकत नव्हतं.

मी किलबर्नला राहते. तिथून मार्बल आर्चपर्यंतचा रस्ता रोमनांनी आखलेला, पट्टीनं ओढल्यासारखा सरळ. चालत तासभर लागतो. एजवेअर रोड आला की अरबांची हॉटेलं उघडी असतात, भट्टीवर शावर्मा फिरत असतो, लोक फुटपाथवर चहा पीत बसलेले असतात आणि आपण एकटेच नाही हे कळतं. पुढे ऑक्सफर्ड स्ट्रीट. एरवी जिथे चालता येत नाही तिथे रस्त्याच्या मधोमध उभं राहून दिव्यांचा फोटो काढता येतो. रात्रपाळीला निघालेल्या नर्स, जेवणाचे डबे पोचवणारी सायकलवरची मुलं, आज सगळं बंद असतं हे माहीत नसलेले, बॅगा ओढणारे पर्यटक. आणि आपली माणसं! त्या दिवशी मध्य लंडनात गाडी आणायचा कर नसतो, म्हणून गुजराती, पंजाबी, बांगलादेशी कुटुंबं गाड्या भरभरून दिवे बघायला येतात.

अशाच एका कुटुंबानं हातात कॅमेरा बघून मला फोटो काढायला सांगितलं. बारा-पंधरा जण, मध्ये आजी, साडीवर जाडजूड ओव्हरकोट आणि पायात बूट. ती फोटोसाठी समोर बघेना, वरच्या दिव्यांकडेच बघत राहिली. मी थांबले, आणि तिचा वर बघतानाचाच काढला. नंतर तिनं मला जवळ बोलावलं, “जमी?” म्हणजे जेवलीस का, असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फॉइलमध्ये गुंडाळलेले थेपले हातात दिले. मी ते तिथेच उभ्याने खाल्ले. सकाळपासून पोटात काही नव्हतं हे खाताना लक्षात आलं.

हे लिहिताना एक गोष्ट ठासून सांगायची आहे. कॅमेरा औषध नाही. काही डिसेंबरात तो पिशवीतून बाहेरच आला नाही, आणि त्या वेळी मला बाहेर काढलं ते समुपदेशकाच्या ठरलेल्या तासानं आणि गोळ्यांनी. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, समुपदेशनासाठी जीपीकडे न जाता स्वतःहूनही नाव नोंदवता येतं. समॅरिटन्स या मन मोकळं करायच्या हेल्पलाइनचा ११६ १२३ हा क्रमांक नाताळच्या दिवशीही, रात्री तीनलाही चालू असतो आणि फुकट आहे. भारतात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर फोटोबिटो राहू दे, आधी हा फोन करा.

आणि ज्यांच्या घरात, मित्रमंडळींत असं कुणी आहे त्यांच्यासाठी: नाताळात आत्महत्या वाढतात असा एक समज पक्का बसलाय. अमेरिकेतले अनेक वर्षांचे आकडे उलटं सांगतात. डिसेंबर हा तिथे सगळ्यात कमी आत्महत्यांच्या महिन्यांपैकी एक आहे, आणि प्रमाण वाढतं ते वसंतात-उन्हाळ्यात. म्हणजे डिसेंबरात आठवणीनं फोन करताच आहात, तर एप्रिलमध्येही करा, जेव्हा बाहेर ऊन असतं आणि सगळं ठीक चाललंय असं दिसतं.

यंदा मी एकटीनं फिरायचं नाही असं ठरवलंय. डिसेंबरच्या मध्याला, शनिवारी दुपारी साडेतीनला ट्रॅफल्गार चौकात, नॅशनल गॅलरीच्या पायऱ्यांवर भेटू. तिथून रीजंट स्ट्रीट, कार्नबी स्ट्रीट आणि मग कुठेतरी गरम चहा. मोठा कॅमेरा लागत नाही, फोन चालतो. हसतमुख असण्याची अट नाही. बोटं उघडी राहतील असे हातमोजे आणा, थंडीत फोनची बॅटरी पटकन उतरते म्हणून चार्जर आणा, आणि पाऊस असला तरी या. ओल्या फरशीचे फोटो कसे घ्यायचे ते तिथे दाखवीन.